नोकरी करणाऱ्या आईचा अपराधीपणा: त्यातला किती तिचा, किती इतरांचा?

प्रश्न, थोडक्यात: मी ३१ वर्षांची आहे. पुण्यात एका खासगी कंपनीत हिशेब विभागात काम करते. कंपनीत दीडशेच्या आसपास माणसं आहेत. मुलगी ११ महिन्यांची. सासू-सासरे नाशिकला, आई सोलापूरला. कुणालाच इथे येऊन राहणं जमणारं नाही. साडेपाच महिन्यांची असल्यापासून मुलगी पाळणाघरात जाते. मागच्या आठवड्यात संध्याकाळी घ्यायला गेले तर ती मावशींच्या कडेवरून माझ्याकडे येईचना, तोंड फिरवून रडायला लागली. तेव्हापासून मला धड झोप नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आम्हीही वाढवली मुलं, पण अशी परक्याच्या हातात नाही दिली." नोकरी सोडू का? की दोष माझ्या मनाचाच आहे?

उत्तर:

मुलगी मावशींच्या कडेवरून यायला तयार झाली नाही, ही तुम्ही लिहिलेल्या सगळ्यातली सर्वांत चांगली बातमी आहे. आधी तेवढं सांगते, मग बाकीचं.

सात-आठ महिन्यांनंतर मूल माणसं नीट ओळखू लागतं, आपली माणसं निवडू लागतं. ज्या बाईजवळ दिवसाचे आठ-नऊ तास जातात तिच्याशी ते रुळणारच. ते रुळलं नसतं, मावशींना पाहून अंग चोरत असतं, तर मी तुम्हाला आजच पाळणाघर बदला म्हटलं असतं. मूल एका वेळी तीन-चार माणसांशी घट्ट नातं जोडू शकतं. तुम्ही हिशेबातल्या, म्हणून तुमच्या भाषेत सांगते: मावशींच्या नावे जमा झालेली माया तुमच्या खात्यातून वजा होत नाही. आणि तुम्हाला पाहून रडणं? दिवसभर दुसऱ्याच्या घरी मूल स्वतःला सावरून धरतं आणि आपलं हक्काचं माणूस दिसलं की ते सगळं सुटतं. शाळेत गुडघा फुटला तरी न रडणारं पोर घराच्या उंबऱ्यात आई दिसताच भोकाड पसरतं, तसंच हे.

अमेरिकेत १९९१ मध्ये दहा ठिकाणच्या तेराशेहून अधिक बाळांचा जन्मापासून अभ्यास सुरू झाला आणि मुलं मोठी होईपर्यंत तो चालला. त्यातून दिसलं ते असं: केवळ पाळणाघरात जाण्यानं आईशी असलेलं नातं कमकुवत होत नाही. घरी असताना आई मुलाच्या हाकेला कशी ओ देते याला जास्त महत्त्व आहे. पाळणाघर चांगलं असेल तर मुलांची भाषा आणि समज थोडी पुढे असते. तास फार जास्त असतील तर काही मुलांच्या वागण्यात थोडा हूडपणा, चिडखोरपणा जास्त दिसला. दोन्ही परिणाम लहान होते. घरातल्या वातावरणाचा परिणाम त्याहून मोठा. तासांचं हे मी लपवत नाही, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं टोक तिथेच आहे. म्हणजे पाळणाघरापुरत्या दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या, तिथले तास आणि त्याचा दर्जा. आता मला सांगा, तुमच्या मुलीचे तास तुम्ही ठरवता का? साडेसहाला सुटायचं की साडेपाचला, हे तुमच्या हातात आहे का? पाळणाघरात किती मुलांमागे किती मावशी असाव्यात, हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?

मी अकरा वर्षं कामगार कल्याण अधिकारी होते, आधी भोसरीतल्या, नंतर चाकणच्या कारखान्यांत. गेली वीस वर्षं समुपदेशन करते. या दोन्ही कामांत मिळून ज्या आया भेटल्या त्यांतल्या बहुतेक जणी एकच शब्द घेऊन येतात, 'अपराधी'. मी त्यांना विचारते की अपराधी म्हटलं की अपराध हवा, तो कोणता? मग त्या थबकतात. आपल्या भाषेत याला जवळचे आणखी शब्द आहेत. हुरहुर आहे, रुखरुख आहे, खंत आहे. सकाळी दार लावताना पोटात तुटतं ती हुरहुर, आणि ती वाटायलाच हवी. माया आहे म्हणून ती वाटते. कुठल्याही गोळीनं किंवा समुपदेशनानं ती घालवायला जाऊ नये. पण हुरहुर आणि अपराध यांत फरक आहे. हुरहुर वाटली तर माणूस मुलाला जवळ घेतं. अपराध वाटला तर स्वतःला शिक्षा करतं: जेवत नाही, झोपत नाही, नोकरी सोडते.

म्हणून मी वहीत दोन रकाने आखायला सांगते. एकात मनात येणारं वाक्य जसंच्या तसं लिहायचं. दुसऱ्यात एवढंच लिहायचं की हे काम कुणाचं होतं. "मी मुलीला दुपारी पाजू शकत नाही." कुणाचं काम? कंपनीनं त्यासाठी सुट्टी द्यायची होती. "तिला ताप होता आणि मी गेले नाही." त्या दिवशी तिचे बाबा कुठे होते, आणि त्यांना रजा मिळाली असती का? "मावशींकडे एकटीकडे बारा मुलं आहेत, हे माहीत असूनही ठेवली." बारा मुलांमागे एक बाई हे चालू देणारी यंत्रणा कुणाची? आणि मग एखादं वाक्य असंही येतं: "घरी आल्यावर मी तासभर मोबाईल बघते." ते मात्र स्वतःचं. वीस वाक्यांत अशी दोन-तीन निघतात. त्यांच्यावर काम करता येतं, आणि बाकीची सतरा खांद्यावरून उतरली की ते सोपंही जातं.

आता सासूबाईंचं वाक्य. त्यांच्यावर रागावू नका, पण ते वाक्य तपासून घ्या. परक्याच्या हातात दिलं नाही, कारण वाड्यात आत्या होती, जाऊ होती, शेजारच्या आजी होत्या, ओसरीवर दहा पोरांत अकरावं पोर मावत होतं. आई एकटीनं, बंद फ्लॅटमध्ये, चोवीस तास मूल वाढवते ही रीत आपल्याकडची जुनी नाहीच. आणि जिथे वाडाही नव्हता, आत्याही नव्हती, तिथे काय होत होतं, तेही आपल्या राज्याच्या इतिहासात नोंदलेलं आहे. मुंबईच्या गिरणगावात शंभर वर्षांपूर्वी पाळीवर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना बाळगोळी देत. तिच्यात अफू असे. मूल दिवसभर गुंगीत पडून राही आणि आईला यंत्रावर उभं राहता येई. त्या आया निष्ठुर नव्हत्या. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, गोळी किंवा उपास.

त्या काळी काही माणसांनी हा प्रश्न आईच्या स्वभावाचा न मानता कायद्याचा मानला. कामगार नेते नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. मग मुंबई प्रांताच्या विधिमंडळात तसं विधेयक आलं आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात राष्ट्राचं हित आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि त्याच भाषणात त्यांनी मान्य केलं की हा भार खरं तर मुख्यतः सरकारनं उचलायला हवा, पण सरकार उचलत नाही म्हणून मालकाची सुटका होत नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत मी या भाषणाकडे परत परत वळले आहे, कारण त्यातला दुसरा मुद्दा आजही तसाच उघडा आहे.

तो कसा, ते सांगते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात १२ आठवड्यांची पगारी रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीनं ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. तुम्हाला मिळाली ती हीच. जगात कमी देशांत इतकी रजा आहे, आणि तिचा मला अभिमान वाटतो. पण या सव्वीस आठवड्यांचा पगार संपूर्णपणे त्या एका मालकानं द्यायचा आहे. सरकारचा त्यात पैसा नाही. मग वीस माणसांचा कारखाना किंवा तीस माणसांचं ऑफिस चालवणारा काय करतो? तो मुलाखतीत विचारतो, "लग्न कधीचं? पुढचं काय ठरवलंय?" मी अशा मुलाखतींच्या टेबलावर बसलेली आहे. उत्तर काहीही आलं तरी कागदावर बारीक खूण व्हायची. कायदा चांगला, हेतू चांगला, पण भार चुकीच्या खांद्यावर, आणि त्याची किंमत नोकरी न मिळालेली मुलगी मोजते.

यावरचा उपाय आपल्याच देशात, आपल्याच कामगारांसाठी १९४८ च्या कायद्यानं आलेला आहे. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. बाई बाळंतपणाला गेली की तिच्या सव्वीस आठवड्यांचे पैसे या योजनेचं महामंडळ देतं. मालकाकडे शंभर पुरुष असोत की शंभर बायका, त्याची वर्गणी तेवढीच. त्यामुळे ईएसआयच्या कक्षेतल्या मुलीला निदान रजेच्या पगारापायी नाकारायचं कारण उरत नाही. चाकणला काम करताना मला सर्वांत विचित्र वाटायचं ते हे: लाइनवरच्या मुलीची व्यवस्था ऑफिसातल्या इंजिनिअर मुलीपेक्षा जास्त शहाणी होती. हीच पद्धत सगळ्या पगारांना लावली आणि त्यात सरकारनं आपला वाटा घातला, तर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मांडलेली गोष्ट पूर्ण होईल.

पाळणाघराचीही अशीच गोष्ट. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर बंधनकारक होतं. मी जिथे होते त्या एका कारखान्यात बायकांचा आकडा वर्षानुवर्षं अठ्ठावीस-एकोणतीसच्या पुढे गेलाच नाही. मस्टर माझ्याच टेबलावर असायचं. एक जण सोडून गेली की दुसरी घ्यायची, पण एकतिसावी नाही. दुसऱ्या एका ठिकाणी पाळणाघर होतं. दारावर पाटी, आत जुन्या फायली आणि मोडके पंखे. १९९९ मध्ये माझी मुलगी झाली तेव्हा मीही बारा आठवड्यांनी त्याच आवारात परतले. दूध काढायला जागा नव्हती. स्टोअररूमच्या दाराला आतून कडी लावून उभ्यानं काढायचे आणि मोरीत ओतून द्यायचे, कारण ठेवायला फ्रिज नव्हता. त्या दिवसांत मला वाटायचं की मी दुष्ट आई आहे. ज्यांनी त्या खोलीत फायली ठेवल्या होत्या त्यांच्यापैकी कुणालाच काही वाटत नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला कितीतरी वर्षं गेली.

२०१७ च्या दुरुस्तीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा बदल रजेचा नाही, या मोजणीचा आहे. आता ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. कर्मचारी, बायका नव्हे. पुरुषही मोजले गेले. म्हणजे पहिल्यांदा कायद्यानं मान्य केलं की मूल हे फक्त स्त्री कामगाराबरोबर आस्थापनेत येत नाही. दिवसातून चार वेळा आईला मुलाकडे जाता आलं पाहिजे, हेही त्यात आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही याच तरतुदी आहेत. तुमच्या कंपनीत दीडशे माणसं आहेत. पाळणाघर आहे का? तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे बहुधा नसेल.

रायगडाच्या हिरकणीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, खाली घरात तान्हं मूल, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला, बुरुजाला तिचं नाव दिलं, अशी आख्यायिका आहे. एसटी स्थानकांवर मुलांना पाजण्यासाठी जी खोली असते तिला हिरकणी कक्ष म्हणतात, आणि ते नाव अगदी योग्य आहे. मी मात्र ही गोष्ट समुपदेशनात दुसऱ्या कारणासाठी सांगते. हिरकणी नोकरदार आई होती. रोजच्या पोटापाण्यासाठी गडावर जात होती. तिला कडा उतरावा लागला कारण दरवाजा बंद झाला होता. गडाला शत्रूची भीती होती, नियम कडक हवाच होता. पण आपल्या ऑफिसांना कुठल्या शत्रूची भीती आहे, की साडेपाचला दार उघडता येऊ नये? आज हिंजवडीत, नरिमन पॉइंटला, एमआयडीसीत रोज संध्याकाळी हजारो बायका तोच कडा उतरतात. आपण त्यांचं कौतुक करतो, "कसं जमवतेस गं सगळं!", आणि दरवाजाबद्दल बोलत नाही.

धोरण बदललं की मनातला अपराध खरंच कमी होतो का, असं तुम्ही विचाराल. जर्मनीचं उदाहरण मला यासाठी पटतं. तिथल्या भाषेत कामावर जाणाऱ्या आईला एक शिवी आहे, 'राबेनमुटर', म्हणजे डोमकावळी आई, पिल्लांना वाऱ्यावर सोडणारी. पश्चिम जर्मनीत शाळा दुपारीच सुटत, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघरं नावापुरती होती, आणि हा शब्द बायकांना लागत असे. पूर्व जर्मनीत भाषा तीच, माणसं तीच, पण पाळणाघरं गल्लोगल्ली होती आणि बहुतेक आया पूर्णवेळ कामावर जात. तिथे त्या शब्दाला तशी धार नव्हती. एकाच भाषेतला एकच शब्द भिंतीच्या एका बाजूला बोचतो आणि दुसऱ्या बाजूला तितका बोचत नाही, तर तो फक्त आईच्या मनातून आलेला नसतो. पुढे एकत्रित जर्मनीनं २००७ मध्ये आई-बाप दोघांसाठी पालक भत्ता आणला आणि २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क दिला. हक्क मुलाचा आहे, हे लक्षात घ्या. आईवर केलेले उपकार नव्हेत. आपल्याकडे तर म्हणच आहे, घार हिंडे आकाशी, चित्त तिचे पिलापाशी. घार आकाशात का हिंडते, असं त्या म्हणीत कुणी विचारलेलं नाही.

तुमच्या पत्रात मुलीच्या बाबांचा उल्लेख कुठेच नाही. सासूबाई आहेत, आई आहे, मावशी आहेत. हे मी दोष म्हणून सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत असंच असतं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आढळलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला २९९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७. शिवाय मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत एकाच्या आसपास. हे केवळ आळसानं होत नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एक दिवसही नाही. केंद्राच्या नोकरीतल्या आईला ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, राज्य शासनाच्या नोकरीत २०१८ पासून १८० दिवसांची. या रजा फार मोलाच्या आहेत, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नोकरीत स्त्रियांचा सहभाग ही सवलत नसून घटनेनं दिलेला हक्क आहे, तेही एका अपंग मुलाच्या आईला नाकारलेल्या अशाच रजेच्या प्रकरणात. पण सगळी रजा आईच्या नावे लिहिली की मुलाचं आजारपणही कायमचं आईच्या नावे लागतं. नॉर्वेनं १९९३ मध्ये काही आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले; त्यानं घेतले नाहीत तर ते वाया जातात. त्याआधी रजा घेणारे बाप बोटावर मोजण्याइतके होते, काही वर्षांत बहुसंख्य बाप ती घेऊ लागले. नॉर्वेचे पुरुष एकाएकी बदलले नाहीत. नियम बदलला.

तुमच्या घरासाठी एक साधा उपाय सांगते, पैसे लागत नाहीत. पाळणाघराच्या रजिस्टरमध्ये मुलीच्या नावापुढे पहिला फोन नंबर तिच्या बाबांचा लिहा. ताप आला, दूध संपलं, मावशींच्या घरी अडचण आली, पहिला फोन त्यांना. एका महिन्यात घरातलं बोलणं बदलतं. मी हे पंधरा-वीस घरांत करून पाहिलं आहे. सुरुवातीला मावशीच ऐकत नाहीत, सवयीनं आईलाच लावतात. त्यांना दोन-तीनदा सांगावं लागतं.

आणि मावशींचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते. तुमच्या मुलीला सांभाळणाऱ्या मावशींची मुलं दिवसभर कुठे असतात, कधी विचारलंत? बहुतेक वेळा मोठ्या मुलीवर, शेजारणीवर किंवा देवावर. त्यांना बहुधा बाळंतपणाची पगारी रजा नसते, आणि घरकाम करणाऱ्या बायकांना तर तो कायदा लागूच होत नाही. त्यांच्यासाठी आहे ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना, पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. बीडकडे मी एका आरोग्य शिबिराला काही वर्षं जात होते. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीच्या हिशेबातली एक जोडी. मुलं आजीकडे ठेवायची, नाहीतर बरोबर घेऊन फडाच्या कडेला झोपवायची. दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड, आणि उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, तर आधीच घेतलेली. तिथे एका बाईनं मला सांगितलं होतं की परत आल्यावर धाकटी तिला पंधरा दिवस 'बाई' म्हणते, मग 'आई' म्हणते. तिनं ते अगदी सरळ आवाजात सांगितलं आणि भाकरीचं पीठ मळत राहिली. तिला अपराधी वाटतं का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. तुमचं दुःख तिच्यापेक्षा लहान आहे, असं मला म्हणायचं नाही. तुम्हा दोघींचं दुःख एकाच कारणाचं आहे, एवढंच म्हणायचं आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. त्या विचाराची आजची अंगणवाडी जर आईच्या कामाच्या वेळेइतकी उघडी राहिली आणि तीन वर्षांखालची मुलंही तिथे दिवसभर राहू शकली, तर मावशी, ऊसतोडीवाली आणि तुम्ही, तिघींचा प्रश्न बराचसा सुटतो.

माझ्या मुलीबद्दल एक सांगते. ती पाचवीत असताना तिच्या स्नेहसंमेलनाला मी पोहोचू शकले नव्हते, कामात अडकले होते. ते मला दहा-बारा वर्षं सलत होतं. ती वीस-बावीस वर्षांची झाल्यावर एकदा धीर करून विचारलं. तिला ते स्नेहसंमेलन आठवतच नव्हतं. तिला आठवत होतं ते वेगळंच: संध्याकाळी मी घरी आले की भांडी जोरात आपटायचे, आणि ती गप्प बसून आवाजावरून माझा दिवस कसा गेला ते ओळखायची. म्हणजे मी अपराध चुकीच्या जागी मानत बसले आणि जे माझ्या हातात होतं ते तसंच राहिलं. भांडी मी का आपटत होते, तर थकले होते, आणि थकले होते कारण दोन माणसांचं काम एकटी करत होते. पण तिच्या कानावर पडला तो आवाज माझ्याच हातांनी केलेला होता. त्याबद्दल मी तिची माफी मागितली.

नोकरी सोडू का, याला माझं उत्तर: आत्ता नाही. अपराधीपणाच्या भरात सोडलेली नोकरी बहुतेक वेळा दुसरा अपराधीपणा घेऊन येते, पैशाचा, स्वतःबद्दलचा, आणि शेवटी मुलीला उद्देशून "तुझ्यासाठी सोडलं" असा. मुलीला तो जड जातो. तुम्हाला मनापासून काही वर्षं घरी राहायचं असेल, पैशाची सोय असेल, तर ती निवड चांगलीच आहे आणि तिचंही समर्थन कुणाला देत बसायची गरज नाही. पण ती निवड शांतपणे, झोप झालेल्या डोक्यानं करा. झोपेचं म्हणाल तर, दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, सतत रडू येतं, मुलीजवळ असूनही काही वाटेनासं झालं आहे, किंवा जगणं नको वाटतं, असं काही असेल तर त्याला अपराधीपणा समजून अंगावर काढू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं आणि ते बरं होतं. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

कंपनीचं काम या आठवड्यात करा. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या विश्रांतीशिवाय पाजण्यासाठी आणखी दोन वेळा सुट्टी घेण्याचा तुम्हाला कायद्यानं हक्क आहे. तुमची मुलगी अकरा महिन्यांची, म्हणजे चार महिने हातात आहेत. पाळणाघर लांब असेल तर या दोन सुट्ट्या एकत्र करून संध्याकाळी लवकर सुटण्याची परवानगी मागा; तशी परवानगी देणारे अधिकारी मी पाहिले आहेत. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करण्याबद्दल मालकाशी बोलणी करण्याची सोयही कायद्यात आहे, आणि हिशेबाचं काम त्यात बसतं. पाळणाघरासाठी वेगळा अर्ज करा, तो एकटीचा करू नका. लहान मुलं असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि त्यात बापांच्या सह्या असू द्या. कंपनीला स्वतःचं पाळणाघर उघडणं जमत नसेल तर बऱ्याच कंपन्या जवळच्या चांगल्या पाळणाघराशी करार करतात, तसं सुचवा. अर्ज लेखी द्या, प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी बोलणं चहाबरोबर संपतं. महिनाभरात उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्त कार्यालय आहे, पण माझ्या अनुभवात दहा सह्यांचा कागद पाहिला की तिथपर्यंत जायची वेळ क्वचितच येते.

आणि आज संध्याकाळी मावशींच्या दारात पोहोचलात की लगेच हात पुढे करू नका. चप्पल काढा, खाली बसा, मावशींना विचारा मुलीनं काय खाल्लं, किती झोपली. ती दोन-तीन मिनिटं मावशींच्या खांद्यावरून तुमच्याकडे बघत राहील. मग रांगत येईल. आल्यावर रडली तर रडू द्या.